मोटारवाल्याशी तडजोड

त्या दिवशी सकाळी मी आणि बायकोने मिळून गाडी भरली, ते शेवटचं. मी खालून भाताच्या गोणी द्यायच्या, तिने वर ओढून रचायच्या. खोपोलीला गिरणीवर जायचं होतं. बैल जुंपले तर गाडी धुरजड, सगळा भार बैलांच्या मानेवर. गोणी उतरवून परत रचायचा मला कंटाळा. म्हटलं, "तू मागं बस गं, तेवढाच तोल येईल."

"म्हंजे मी बी गोणीच," ती म्हणाली आणि मागच्या फळीवर पाय सोडून बसली.

खालापूरच्या अलीकडे आम्ही पुण्याच्या सडकेला लागलो, आणि मुंबईकडून आलेल्या मोटारीने मागून धडक दिली. डावं चाक मोडलं, एका बैलाचा गुडघा फुटला, भात सडकभर. ती खाली पडली होती. उठली, पदर झटकला आणि भात गोळा करायला बसली. एक हात पोटाशी धरलेला. मी ते बघितलं आणि बैलाकडे गेलो. इथं खोटं सांगणार नाही.

मोटार मालक स्वतःच हाकत होता. चूक माझी, म्हणाला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या द्यायला कोणी तरी उरलं असतं.

खालापूरच्या ठाण्यात हवालदार म्हणाला, "आपसात मिटवा, नायतर तारखा खात बसाल." मग मी बैलबाजारात बोलतात तसा बोलायला लागलो. नवं बाभळीचं चाक पायजे, सांडलं तेवढं भात पायजे, बैल चालता होईस्तोवर भाड्याची जोडी पायजे. मालक प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेला. मला वाटलं, काय जिंकलो मी.

शेवटी त्याने विचारलं, "बाईंना लागलं नाही ना? डॉक्टरला दाखवू, खर्च माझा."

ती दाराशी भिंतीला पाठ लावून उभी होती. बायकोच्या अंगाचं चार पुरुषांत बोलायची आमच्यात रीत नव्हती. शिवाय मला भ्या वाटलं, आणखी काही मागितलं तर हा म्हणेल लुबाडतोय, आणि जमलेलं मोडेल. मी म्हटलं, "तिला काय धाड भरलीय? सकाळपास्नं माझ्याशी भांडतीय."

हवालदार हसला. मालक हसला. पदराआड तीपण हसली.

कागद झाला. हवालदाराने वाचून दाखवला, त्यात 'कोणासही दुखापत नाही' असं होतं. माझी शाळा दोन यत्ता, पण सही झोकात यायची. केली.

चालत घरी येताना ती म्हणाली, "अवो, डाक्तर फुकट व्हता."

"तुला कशापायी पायजेल व्हता?"

"नाय, असंच."

एवढंच बोलली. मीही पुढं विचारलं नाही. माझ्या डोक्यात चाक.

पाचव्या दिवशी ती गेली. पोट दगडासारखं झालं होतं. आत रक्त साकळलंय, असं वैद्य म्हणाला, तेही उशिराच. तिला जाळून आलो तर दारात नवं चाक टेकवून ठेवलेलं. मालकाने शब्द पाळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुतकातच चालत खालापूरला गेलो. हवालदाराला म्हटलं, "माझी बायको मेली. त्या मोटारीनं. कागदात लिवा."

त्याने कागद काढून माझ्यापुढं धरला. "ही सही कुणाची रं?"

"माझीच."

"मग आता मी काय लिवू? आणि कुणावर?"

"माझ्यावर लिवा."

त्याने कागद परत दप्तरात घातला. "घरी जा बाबा," म्हणाला, "तिचं दहावं-तेरावं बघ."

मी गेलो नाही. ठाण्याच्या पायरीवर बसून राहिलो, त्याने दंडाला धरून फाटकाबाहेर काढेस्तोवर.