हलव्याचे दागिने आणि चंपाचं बाळंतपण

समस्त नातेवाइकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीच्या फोटोत मी नाही, यामागे कोणताही घरगुती कलह नाही. त्याला एक गाय जबाबदार आहे. आणि थोडासा मी. (बायको म्हणते, क्रम उलटा लाव.)

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. देशात उदारीकरण आलं आणि आमच्या घरात गाई! बाबा फौजेत होते, पण हेडक्लार्क. आयुष्यभर त्यांनी बंदुकीपेक्षा स्टेपलर जास्त चालवला. निवृत्त झाल्यावर त्यांनी फरीदाबादच्या नव्या सेक्टरांपलीकडे, मोहरीच्या शेतांना लागून जमिनीचा एक तुकडा भाड्याने घेतला, पत्र्याचा गोठा बांधला आणि चार गाई आणल्या. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बिल्डरची भलीमोठी पाटी होती. तिच्यावर बारा मजले, कारंजं आणि निळाशार तरणतलाव. आमच्या गाई त्या पाटीच्या खांबाला पाठ घासत, एवढाच काय तो तिचा उपयोग.

त्या हिवाळ्यात चारही गाई व्यायच्या होत्या. तीन सुखरूप व्यायल्या. त्याचं श्रेय भरतो ताईंचं. भरतो हे त्यांचं नाव; जवळच्या गावातल्या साठीच्या बाई, गुरांतच जन्म गेलेल्या. राहिली होती चंपा. तिचं पहिलंच वेत. पण आता घरात एक तज्ज्ञ होता. मी! तेव्हा मी रंगीत टीव्ही विकायचो आणि फुटपाथवर मिळालेली गोपालनावरची इंग्रजी पुस्तिका दोनदा वाचली होती.

"अरे, नेमकी संक्रांतीला चंपा व्यायली तर?" आईने विचारलं.

मी पुस्तिका मिटली. "बिल्कुल नाही. अजून आठ दिवस."

"भरतो ताई म्हणतात, कास भरलीय."

"भरतो ताईंनी पुस्तक वाचलंय का?"

या एका वाक्यावर भरवसा ठेवून आईने दिल्लीतल्या वीस मराठी बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. कुठे? तर 'आमच्या फार्महाऊसवर'! (एक खोली, एक हातपंप, दोन खाटा.) वर त्यांना सांगून ठेवलं, "बाकीच्या गाई नुकत्याच व्यायल्यात. येताना डबे आणा, चीक देते." दिल्लीत खरवसाला आसुसलेली मराठी बाई चिकासाठी कुठवर जाईल, हे मला त्या दिवशी कळलं. समोरचा हात दिसणार नाही अशा धुक्यात, काळ्या साड्यांवर स्वेटर आणि स्वेटरवर शाली घालून, वीसच्या वीस बायका स्टीलचे डबे घेऊन अकराच्या ठोक्याला हजर!

आम्ही नवरा-बायको खाटेवर मूर्तीसारखे बसलो होतो. अंगावर हलव्याचे दागिने. मंजिरीच्या पुण्याच्या मावशीने महिनाभर खपून केलेले, बुटांच्या खोक्यातून मांडीवर बसून आलेले. मंजिरीला मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा. मला जरीची शाल, हार, अंगठी, हलव्याचा नारळ आणि मनगटावर हलव्याचं घड्याळ, ज्यात कायम दहा वाजून दहा मिनिटं झालेली.

"फोटोग्राफर येईपर्यंत कुणी हलायचं नाही," आईने बजावलं. "एक दाणा गळला तर मावशीला तोंड कोण दाखवणार?"

फोटोग्राफर धुक्यात कुठेतरी हरवला होता. आम्ही श्वाससुद्धा बेताने घेत होतो. तेवढ्यात गोठ्याकडून भरतो ताई आल्या.

"बाबूजी, आपकी चंपा तो ब्याने लगी!"

"हो ही नहीं सकता," मी जागेवरूनच म्हणालो. "अभी आठ दिन हैं, ताई."

"तो बेटा, तू जाके उसे समझा दे."

समजवायला गेलो. दागिन्यांसकट. माझ्यामागे आई, बाबा, मंजिरी आणि डबे सावरत वीस बायका.

आणि गोठ्याच्या दारात आम्ही सगळेच थबकलो. चंपा आडवी पडली होती. तिच्या शेपटीखाली दोन लहानसे खूर दिसत होते, शिंपल्यासारखे मऊ, पिवळट. आणि त्या खुरांवर टेकलेलं एक इवलंसं नाक. कुणीतरी दुरून पोहत यावं तसं. त्या पुस्तिकेत याची आकृती होती, तिला क्रमांकही होता. पण ते नाक हलेल, हे मात्र कुठल्याच पानावर नव्हतं.

"पकड़ बेटा," ताई म्हणाल्या. "माँ ज़ोर लगाए तब खींचना. वो रुके तो तू भी रुक जा."

"मी?"

"पुस्तक तूच वाचलंस ना!" आई म्हणाली.

मी हलव्याचं घड्याळ बांधलेल्या हाताने ते निसरडे पाय धरले. चंपा कण्हली, मी ओढलं. ती थांबली, मी थांबलो. (टीव्ही विकताना मी इतकं कुणाचं ऐकलं असतं तर आज मॅनेजर असतो!) तिसऱ्या कळेला काहीतरी ऊन, जड, ओलं असं सर्रकन आलं आणि मी पाठीवर, वासरू माझ्या छातीवर! बाबांनी गवताच्या काडीने त्याचं नाक गुदगुल्या करून मोकळं केलं. ते शिंकलं. त्याच्या अंगातून वाफ निघत होती, धुक्यात धुकं मिसळावं तशी. वीस मराठी बायका एका जागी, आणि एकही बोलत नव्हती! असा चमत्कार मी पुन्हा पाहिला नाही.

चंपाने मान वळवली. वासराकडे पाहिलं. आणि घाबरून उठून चार पावलं मागे सरली!

"चाटत का नाही?" मंजिरीने विचारलं.

"पहली बार है, डर गई," ताई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "ऐसी ठंड में नहीं चाटेगी तो बालक बचेगा नहीं. ऊपर मीठा लगाओ, जल्दी!"

आम्ही त्याला पोत्याने पुसत होतो, पण ते पानासारखं थरथरत होतं. साखर आमच्या राहत्या फ्लॅटवर, आठ किलोमीटर दूर. चहा थर्मासातून आलेला. गूळ सगळा आईच्या तिळगुळात! बाबांनी एक लाडू विटेवर आपटला. वीट फुटली.

मग हळूहळू सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. माझ्या गळ्याकडे.

"अगं, पण मावशीचा महिना... आणि फोटो..." मी मंजिरीला म्हणालो.

"मावशीला मी बघते," मंजिरी म्हणाली. मुकुट तिने केव्हाच काढला होता, कंबरपट्टा खोलत होती. "अहो, बघत काय बसलात? नारळ आणा!"

"दोरा काढा आधी!" बाबा ओरडले. "गाईच्या पोटात जाईल!"

वीस बायका गवतावर फतकल मारून बसल्या. महिनाभर ओवलेलं पाच मिनिटांत उसवलं. चिकासाठी आणलेल्या डब्यांच्या बुडांनी हलवा कुटला. मी तो मुठीमुठीने वासराच्या ओल्या पाठीवर चोळला आणि बाजूला सरलो.

चंपा पुढे आली. हुंगलं. जीभ लावली, थांबली. पुन्हा लावली. मग पाठीवरचा हलवा संपला तरी ती थांबेना. मान, कान, पापण्या! त्या खरखरीत जिभेच्या आवाजाखेरीज कुठेच काही ऐकू येत नव्हतं. वासराने एक पाय रोवला, पडलं. दोन रोवले, पडलं. मग चारही पायांवर डुलत उभं राहिलं आणि आईने पदर डोळ्यांना लावला. ताई म्हणाल्या, "छोरा है."

पुढे मग आईला आवरणं शक्यच नव्हतं. तिने चंपाला हळदीकुंकू लावलं. माझी जरीची शाल वासराला पांघरली. उरलासुरला हलव्याचा हार त्याच्या गळ्यात घातला. बायका औक्षणाला पुढे सरसावल्या. मी नखशिखांत चिकट, कुडकुडत होतो, म्हणून भरतो ताईंनी माझ्या अंगावर भुशाचं रिकामं पोतं टाकलं.

नेमक्या त्या क्षणी धुक्यातून फोटोग्राफर उगवला. त्याने ओवाळणाऱ्या बायका पाहिल्या. शालीतलं वासरू पाहिलं. पोत्यातला मी पाहिला. कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला आणि अत्यंत अदबीने म्हणाला,

"माफ़ करना जी, देर हो गई. इनमें से दूल्हा कौन-सा है?"