पहिला नारळ

खंडेनवमीला आमच्या गिरणीतला पहिला नारळ पॉवर हाऊसच्या स्विचबोर्डापुढे फुटायचा. आधी वीज, मग माग. खोबऱ्याचा पहिला तुकडा मॅनेजरसाहेब माझ्या, म्हणजे वायरमनच्या, हातावर ठेवायचे. त्या वर्षी तो मान कॉम्प्युटरला गेला.

कॉम्प्युटर म्हणजे मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने वापरून काढून टाकलेलं कपाटाएवढं धूड, पगाराचे हिशेब करायला आणलेलं. त्याच्यासाठी गार हवेची खोली, आणि ते सांभाळायला नेमका माझाच मित्र. आयटीआयला आम्ही एका बाकावर बसायचो. मुंबईच्या ट्रेनिंगला अर्ज दोघांनी केला, निवड त्याची झाली. तेव्हापासून माझं पोट दुखायचं ते ओवा खाऊन थांबणारं नव्हतं. सोलापूरच्या उन्हात मी खांबावर, आणि हा आत स्वेटर घालून.

साहेबांनी स्वतः कॉम्प्युटरला झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं. माझ्या बोर्डाला उरलेली माळ शिपायाने अडकवली. मी खोबरं घेतलं नाही.

दसरा झाला आणि ते यंत्र बंद पडायला लागलं. सकाळी सुरू व्हायचं, तासाभरात गप्प. मित्र साहेबांना म्हणाला, "लाईट नीट येत न्हाय, साहेब. व्होल्टेज पडत असणार."

म्हणजे दोष माझा! इतकी वर्षं सगळे माग माझ्या विजेवर चालले, आणि या म्हाताऱ्या नवरीला ती सोसेना? मी मीटर घेऊन त्याच्या गार खोलीत गेलो.

"बोर्डावर बरोबर हाय," मी म्हणालो. "आता तुझ्यासमोर हितं मोजतो."

कपाटाचं मागचं दार उघडून, माझी केबल आत शिरते तिथे मीटर लावला. यंत्र बंद पडायची वाट बघत दोघे बसलो, तर ते पडेचना. दुपारी कंटाळून दार लावलं, फक्त मीटरच्या वायरी बाहेर ठेवल्या. थोड्याच वेळात यंत्र बंद. काटा मात्र जागच्या जागी.

"बघ," मी म्हणालो. "माझी लाईट हाय की." इतका आनंद मला पोरगा झाला तेव्हाही झाला नव्हता.

त्याने दार उघडून आतल्या पॉवर सप्लायच्या पत्र्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "लई तापलंय. दार उघडं असलं की गार ऱ्हातंय, म्हणून चालत हुतं." मग खालची, पंख्याची जाळी ओढून काढली. तिच्यात झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या आणि हळदकुंकवाचा थर. पंख्याने सगळी पूजा आत ओढली होती. हवा कोंडून सप्लाय तापला की आतला स्विच आपोआप बंद होत होता.

जाळी झटकली, यंत्र चालू. साहेबांनी पाठ थोपटली ती त्याची. दोष माझा निघाला असता तर दुरुस्ती तरी मी केली असती.

पुढच्या खंडेनवमीला हुकूम निघाला, कॉम्प्युटरजवळ फूल नको, धूप नको. पहिला नारळ पुन्हा माझ्या बोर्डापुढे फुटला. खोबरं हातावर पडलं तेव्हा मित्र शेजारी उभा होता.

"घे की," तो म्हणाला. "तुझाच मान हाय."

माझाच होता, पण त्याच्या यंत्राला सोसला नाही म्हणून परत आलेला. मी खोबरं खाल्लं. ते गोड निघालं, याचाच जास्त राग आला.