पेडलमधली हवा

त्या वर्षी माझ्या लोणावळ्याच्या गॅरेजात एक जुनी परदेशी मोटारसायकल आली. एकाच पेडलवर तिचे दोन्ही ब्रेक लागायचे, पण तेलाच्या नळीत हवा अडकलेली. दोन दिवस पेडल मारून माझा पाय दुखला, तरी ते लिबलिबीतच.

शेजारच्या टपरीवर तिकोणा पेठ गावचा एक शेतकरी एसटीची वाट बघत चहा पीत होता. तो उठला, त्याने हवा सोडायचा स्क्रू वर येईल अशी गाडी तिरकी धरली आणि नळीवर टिचकी मारली.

"भाऊ, हवा वर चढती. शेतातल्या पायपाचं तोंडबी आमी असंच वर धरतो."

बुडबुडे निघाले, पेडल कडक झालं. माझा नुसता जळफळाट झाला.

तेवढ्यात गाडीचा मालक आला. "कुणी केलं?"

"मीच."

"व्हय, त्यांनीच," शेतकरी शांतपणे म्हणाला.

त्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.