मोकळा रकाना

बानाबाईला अमेरिकेला शिकायला जायचं होतं, आणि तेही फुकटात. हे ऐकून तिच्या भावानं, बिरूनं, कपाळाला हात लावला. बिरू वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जायचा; बहीण त्याच्याच बजाजनगरच्या खोलीत राहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. साल चौऱ्याण्णव. नामांतर नुकतंच झालेलं, त्यामुळे तिच्या गुणपत्रिकेवर विद्यापीठाचं जुनं नाव आणि पदवीवर नवं. दोन्ही एकच, अशी चिठ्ठी ती प्रत्येक अर्जाला मोठ्या अभिमानानं जोडायची.

बरोबरीची मुलं न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियाची नावाजलेली विद्यापीठं धरून बसली होती. बानाबाई पडली पाचोडच्या मेंढपाळाची लेक. जिथं सगळ्यांचेच कळप उतरतात तिथं चारा उरत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ग्रंथालयातलं जाडजूड पुस्तक उघडून तिनं माणसं कमी, थंडी फार आणि मेंढ्या भरपूर अशी राज्यं हुडकली. तिथली सरकारी विद्यापीठं खरोखरच स्वस्त निघाली. अर्जाची फी माफ करा, असं तिनं बारा ठिकाणी लिहिलं, चौघांनी केली. त्यातल्या एका प्राध्यापिकेनं तर शिष्यवृत्तीचीही तयारी दाखवली. फक्त एक फॉर्म भरून हवा होता: घरची मिळकत, जमीन, जनावरं किती.

इथंच घोडं पेंड खात होतं.

"आकडा? नाय सांगणार," ती फॉर्म घेऊन पाचोडला गेली तेव्हा तिचा बाप मुंजाबा म्हणाला. "कळप मोजून सांगितला की दृष्ट लागती."

"आबा, रकाना मोकळा ठेवला तर शिष्यवृत्ती जाईल."

"मग दे काहीबाही ठोकून. शंभर लिही."

"खोटं नाय लिहायची मी."

बाप हट्टी, लेक त्याहून. शेवटी तिनं रकान्यात आकडा लिहिलाच नाही. त्याऐवजी लिहिलं: आमच्यात मेंढरं मोजून सांगत नाहीत, पण संध्याकाळी एक जरी मागं राहिली, तरी ती कोणती हे मी बाकीच्यांची तोंडं बघून सांगते.

"गेली तुझी अमेरिका!" बिरू म्हणाला. तिलाही तसंच वाटलं. पाकीट पेटीत टाकल्यावर तिला लई भीती वाटली, दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

सव्वा महिन्यानं उत्तर आलं. फी माफ, वर महिन्याचा खर्च. बदल्यात विद्यापीठाचा कळप सांभाळायचा. खाली प्राध्यापिकेनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'आमच्या मेंढ्यांच्या कानाला नंबर आहेत, पण त्यांची तोंडं ओळखणारं कुणी नाही. लवकर ये.'

बानाबाईनं पाचोडला जाऊन पत्र वाचून दाखवलं. मुंजाबानं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग बराच वेळ तो पागोटं सारखं करत बसला.

"तुला खोटं लिहाय सांगितलं व्हतं मी," तो म्हणाला. "बरं झालं, ऐकलं नायस माझं."

पत्र वाचताना न आलेलं रडू बानाबाईला तेव्हा आलं.