खोटं गिऱ्हाईक

मास्तरचा फोन आला तेव्हा मी यार्डात एका गिऱ्हाइकाशी ट्रॉलीच्या स्प्रिंगपाट्यांवरून वाद घालत होतो.

"बुधवारी मोकळा ऱ्हा," मास्तर म्हणाला. "वॉटर पार्कला जायचंय. आपण तिघं."

"तिघं म्हंजी कोण?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"तू, मी आन् गार्ड. न्हाई म्हणू नगंस. माझी साठी झाली, तुझी झाली, त्याची झाली. आता काय सत्तरीला जायचं का घसरगुंडीवर?"

मी न्हाई म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. फोन ठेवला आणि त्या गिऱ्हाइकावर उगाच ओरडलो.

आम्ही तिघं तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत एका बाकावर होतो. मास्तर पुढे झेडपीच्या शाळेत लागला, दुसरा रेल्वेत लागला आणि मालगाडीचा गार्ड म्हणून दौंडलाच रिटायर झाला. मी कुठेच लागलो नाही. भंगारातली इंजिनं घेऊन दुरुस्त करून विकता विकता शिरूरच्या बाहेर जुन्या ट्रॅक्टरांचं यार्ड उभं केलं. कुणाच्या चिठ्ठीवर नाही, कुणाच्या ओळखीवर नाही. हे मी जरा जास्त वेळा सांगतो, असं मास्तर म्हणतो.

गार्डशी मी दोन वर्षं बोलत नव्हतो. कारण विचाराल तर लोक हसतील. त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका मला मोबाईलवर आली. त्याच्या मुलाच्या नंबरवरून. खाली एक शब्द नाही. आमच्याकडे जवळच्या माणसाची पत्रिका घरी येते, हातात येते. नवराबायको जोडीने येतात, बसतात, चहा होतो, 'आदल्या दिवशीच या' असं दोनदा म्हणून होतं, तेव्हा ते बोलावणं. मोबाईलवरची पत्रिका आला काय नि न आला काय अशा माणसांसाठी. मी गेलो नाही. का आला नाहीस, असंही त्याने विचारलं नाही.

धंद्यात मी एक गोष्ट लवकर शिकलो. सौदा जमत नसला की उठायचं आणि चालू लागायचं, पण सावकाश. मागून हाक येतेच. इथे मी दोन वर्षं सावकाश चालत होतो आणि मागे कुणी हाक मारत नव्हतं.

त्यातच यंदाच्या थंडीत वहिनी, गार्डची बायको, गेली. मास्तरने सकाळीच कळवलं. मी गाडी काढली, न्हावऱ्यापर्यंत गेलो. तिथे चहा घेतला आणि गाडी परत फिरवली. ज्याने लग्नाला बोलावलं नाही त्याच्या दारात रडायला कशाला जायचं, असं मी स्वतःला सांगितलं. नंतर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही गेलो नाही. या गोष्टीचं तेव्हाच वाईट वाटलं होतं. कारण जेव्हा माझ्याकडे यार्ड नव्हतं, इंजिन नव्हतं, धड चप्पल नव्हती, तेव्हा दौंडला माल बघायला गेलो की मी गार्डच्या रेल्वे क्वार्टरवर उतरायचो. वहिनी ताटात तिसरी भाकरी न विचारता टाकायची. नको म्हटलं तर म्हणायची, "भावजी, भाव करायचा तो बाहेर. हितं गप जेवा." मी विकलेल्या पहिल्या ट्रॅक्टरला घातलेला झेंडूचा हार तिने ओवलेला होता.

तर मी बुधवारी गेलो ते पोहायला नाही. गार्डच्या तोंडून 'चुकलो' हा एक शब्द ऐकायला गेलो.

पार्क भांडगावजवळ, हायवेला. मे महिना, डांबर नुसतं चमकत होतं. मी पोचलो तेव्हा मास्तर गेटवर छत्री घेऊन उभा होता. गार्ड यायचा होता. तिकिटाच्या खिडकीत एक पोरगी बसली होती आणि तिच्या डोक्यावर दरांची पाटी.

"तिघं म्हातारे हावोत," मी सुरुवात केली. "तिघं मिळून एका माणसाएवढं भिजणार. बरोबर लाव."

"आजोबा, रेट फिक्स आहे."

"फिक्स काय नसतं, पोरी. लग्न पण मोडतं." मग मी नेहमीचा आवाज काढला आणि मास्तरवर खेकसलो, "तुला सकाळीच सांगितलं व्हतं, पुढच्या पार्कात निम्म्यात घेतात! चल, उचल पिशवी!"

मास्तर तयारीचा. त्याने तोंड पाडलं, पिशवी उचलली आणि वळला.

पोरगी म्हणाली, "पुढं पार्क कुठाय, आजोबा? पुढं ऊस आहे."

मास्तर पिशवी खाली ठेवून हसायला लागला. मागून आवाज आला, "अजून करतोस व्हय तू हे?"

गार्ड होता. दोन वर्षांतलं त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. तो हसत नव्हता. मी निमूटपणे तिन्ही तिकिटं पाटीच्या भावात काढली.

ही चाल इथे सांगायला हवी. सौदा चालू असताना माझ्या ओळखीचं कुणी यार्डात शिरलं की मी त्याच्यावर ओरडतो. जणू तो कालचं गिऱ्हाईक आहे, तेच ट्रॅक्टर कमी भावात मागतोय आणि मी त्याला हाकलतोय. खुर्चीवर बसलेल्या खऱ्या गिऱ्हाइकाला वाटतं, मालाला मागणी आहे. हात आखडत असेल तर सुटतो. ज्याच्यावर ओरडलो तो समोरच्या टपरीवर चहा घेत बसतो, गिऱ्हाईक गेलं की आत येतो आणि आम्ही हसतो. माझे सगळे जवळचे लोक या कामाला सरावलेले. त्यात गार्ड सगळ्यात पक्का. ड्युटीवरून पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये यायचा, असं काही हिरमुसून परत जायचा की मलाच त्याची दया यायची.

आत सुती कपडे चालत नाहीत म्हणून तिघांना भाड्याच्या नायलॉनच्या चड्ड्या मिळाल्या. माझी पोपटी, तीवर लाल फुलं. मास्तरचं पोट चड्डीच्या पुढे चालत होतं. "जुन्या विद्यार्थ्यानं बघितलं तर पेन्शन बंद हुईल," तो म्हणाला. गार्ड फार वाळला होता. त्याने चड्डीची नाडी कमरेला दोनदा गुंडाळली. त्याच्याकडे बघवेना म्हणून मी लॉकरच्या किल्लीशी खेळत बसलो.

पहिल्यांदा लाटांच्या तलावात गेलो. भोंगा वाजला, पोरं किंचाळली आणि लाट आली. आम्ही तिघं वडगाव रासाईला भीमेत पोहायला शिकलो, पूर आलेल्या पाण्यातसुद्धा उडी टाकलेले लोक, पण साठीत पाय सुटतात. गार्डने माझं मनगट पकडलं. घट्ट, लहानपणी धरायचा तसं. लाट ओसरली आणि त्याने हात सोडला. आम्ही दोघं दोन दिशांना बघत उभे राहिलो.

मास्तरने ते पाहिलं असावं. "मी त्या उंच घसरगुंडीवर चाललो," तो म्हणाला. "तुम्ही दोघं तिकडं टायरात बसा. बोला, न्हाईतर बुडा."

एक संथ पाण्याचा पाट होता, पार्कभोवती गोल फिरणारा. रबरी टायरात बसायचं, पाणी आपोआप नेतं. आम्ही शेजारी शेजारी बसलो. वरून ऊन, खाली गार पाणी. अर्धा फेरा झाला. मला जास्त वेळ गप्प बसता येत नाही.

"एक इचारू का?"

"इचार की."

"पोरीच्या लग्नाची पत्रिका मोबाईलवर धाडलीस. मी काय परका व्हतो का?"

त्याने हाताने पाणी जरा मागे सारलं. "हातात घेऊन आलतो," तो म्हणाला.

"कुठं?"

"तुझ्या यार्डात. ती आन् मी. पत्रिका छापून आल्या त्या दिवशीच. पहिली भावजींना द्यायची, म्हणली. नवं लुगडं नेसली व्हती."

"मग मी नव्हतो का?"

"व्हतास. खुर्चीवर कुणी टोपीवालं बसलं व्हतं. तू आमच्याकडं पाठ करून उभा. माझ्या पायाचा आवाज ऐकलास आन् मागं न बघता वरडलास." मग मी काय ओरडलो ते त्याने सांगितलं. आवाज न चढवता, जसं गाडीचा नंबर सांगावा. "'किती बारी सांगू, हितं आत पाय ठेवायचा न्हाई तुम्ही. चला, बाहेर व्हा.'"

वाक्य माझंच होतं. ते मी शेकडो वेळा वापरलंय.

मला आधी राग आला. खरं सांगतो, आधी रागच. "आरं, मग थांबायचं ना टपरीवर! तुला ठावं न्हाई का चाल?" पुढच्या टायरातल्या बाईने वळून पाहिलं.

"मला ठावं हाय. मी हसलो पण. तिला म्हणलं, चल, समोर चहा घेऊ, गिऱ्हाईक गेलं की परत येऊ. ती रस्त्याच्या कडंला उभी राहिली. हलंना. म्हणली, खेळ असंल. पण त्या खुर्चीतल्यासारख्याला कवा म्हणलेत का भावजी असं? एकदा तरी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मनातल्या मनात माणसं आठवायला लागलो. ज्यांना ज्यांना मी आजवर खोटं गिऱ्हाईक केलं ते. वेल्डर. टेम्पोवाला. पंक्चरवाला. मास्तर. गार्ड. माझ्या भावकीतला एकही नाही. विकास सोसायटीचा चेअरमन कितीदा सौद्याच्या मध्येच आला, त्याच्यावर मी कधी ओरडलो नाही. त्याला मी खुर्ची दिली. हे मी ठरवून केलं नव्हतं. तोंड आपोआप ओळखत होतं, कुणावर ओरडायचं आणि कुणावर नाही.

आणि वहिनी बुद्धवाड्यात वाढलेली. आत पाय ठेवायचा नाही, हे तिच्या आईने ऐकलं असणार, आजीने ऐकलं असणार, आणि त्यांना कुणी खेळ म्हणून म्हटलं नव्हतं. पोरीच्या लग्नाची पत्रिका हातात धरून, नवं लुगडं नेसून, ते तिने माझ्या गेटात ऐकलं. जिच्या क्वार्टरमध्ये मी तीन तीन भाकरी खाल्ल्या तिने.

त्या दिवशी खुर्चीत कोण होतं ते मला आठवत नाही. ट्रॅक्टर गेला का राहिला, तेही नाही.

"सांगायचं व्हतंस मला," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू आला असतास. तिच्या पाया पडला असतास. मोठ्यानं रडला असतास, तुझं सगळं मोठ्यानंच. मग तिला म्हणावं लागलं असतं, असू द्या, भावजी. तिनं जन्मभर लई जणांना असू द्या म्हणलं. निदान तुला तरी म्हणायला लागू नये, एवढंच माझ्या मनात."

पाणी आम्हाला नेत होतं. कारंज्याखालून गेलो, दोघंही भिजलो, कुणी तोंड पुसलं नाही.

"लग्नात वाट बघितली का तिनं?"

"बघितली. पोराला मोबाईलवर पत्रिका धाडाय तिनंच सांगितलं. म्हणली, चिडतील, पण भांडायला तरी येतील. तू भांडायला पण आला न्हाईस."

"आन् आजारात?"

"आजारात तुझं नाव न्हाई काढलं."

 

मास्तर कोपर खरचटून परत आला. "वरनं ढकललं मला त्या पोरानं. म्हणे, आजोबा, मागं लाईन लागलीय." मग त्याने आमच्याकडे पाहिलं आणि पुढचा विनोद तोंडातच ठेवला. उपहारगृहात आम्ही भेळ खाल्ली. मास्तरने विचारलं, "झालं बोलून?" गार्ड म्हणाला, "झालं." मास्तरला वाटलं, मिटलं. त्याने तिघांचा फोटो काढून घेतला. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी गार्डकडे बघतोय आणि गार्ड कॅमेऱ्याकडे.

दुपार कलल्यावर मास्तर तळेगावकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसला. मी गार्डला म्हणालो, "चल, दौंडला सोडतो." तो नको म्हणाला नाही. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. घरात जायचं, वहिनीच्या फोटोसमोर उभं राहायचं, आणि मग जे सुचेल ते. आजवर कुणापुढे काय बोलायचं हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. त्या दिवशी ठरवत होतो आणि एकही वाक्य धड होत नव्हतं.

त्याच्या गल्लीच्या तोंडाशी तो म्हणाला, "हितंच थांबव."

मी गाडी बंद केली आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

"आज नगं," तो म्हणाला.

"लांबनं नमस्कार करून जातो. बसत न्हाई."

"पोरगी माहेरपणाला आलीय. तिला सगळं ठावं हाय. तिच्या आईनं सांगितलेलं." तो ओल्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिला. "माझं काय न्हाई रे. माझा राग तवाच गेला. पण ते दार आता एकट्या माझं न्हाई. मला तिला इचारू दे."

"ती न्हाई म्हणली तर?"

"तर न्हाई."

आयुष्यभर मी 'न्हाई'वर थांबलो नाही. 'न्हाई'पासूनच माझा धंदा सुरू होतो. पण इथे पुढे मागायला तोंड कुठलं? मी उघडलेलं दार पुन्हा लावून घेतलं. तो उतरला. जाताना त्याने गाडीच्या टपावर हात ठेवला, थोपटल्यासारखा, आणि चालू लागला.

तिसऱ्या घरातून त्याची पोरगी बाहेर आली, कडेवर लहान मूल होतं. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली. तिची उभं राहायची ढब आईचीच होती. तिने गल्लीच्या तोंडाकडे, गाडीकडे पाहिलं. गार्ड तिला काहीतरी सांगत होता. तिने ऐकून घेतलं, बापाला आत घेतलं आणि दार लावलं.

ऊन अजून होतं. मी गाडी चालू केली नाही. कोपऱ्यावर भाजी घेऊन बसलेली म्हातारी मघापासून माझ्याकडे बघत होती. तिने शेवटी विचारलं, "कुणाकडं आलायसा?"

"कुणाकडं न्हाई, मावशी," मी म्हणालो.