परातीतली रिक्षा

भंडाऱ्यातल्या आमच्या पितळी भांड्यांच्या दुकानासमोर एका म्हातारीला गाडीची धडक बसली आणि ती जागीच गेली. लोक जमले तेव्हा एक रिक्षावाला तिला उचलत होता. त्यानेच उडवलं, असं दोघांनी पोलिसांना सांगितलं आणि गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. दुकानातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पोलिसांनी पंचनामा करून नेलं.

साक्षीचं समन्स आलं तशी मी तयारीला लागले. समन्स, आधार कार्ड, रेकॉर्डिंगबद्दल सही करून दिलेल्या प्रमाणपत्राची प्रत, चष्मा. दुकान जावेकडे सोपवलं. माझ्या साक्षीने फरक पडेल असं वाटत नव्हतं. रेकॉर्डिंग मी पाहिलं होतं. धडकेची जागा दारात टांगलेल्या कळशांआड गेली होती.

कोर्टात स्क्रीनवर आमचं दुकान आलं. मी गिऱ्हाइकाला लोटा वाजवून दाखवत होते. आरोपीचे वकील म्हणाले, यात रिक्षा धडक देताना दिसतच नाही. सरकारी वकिलांनी लगेच सुनावलं, की धडक दिली नाही हे तरी कुठे दिसतंय?

न्यायाधीश बाई पुढे वाकल्या. "थांबवा. ती परात मोठी करून दाखवा."

दाराच्या उघड्या फळीवर तिरकी टांगलेली, मीच चिंचेने घासून लख्ख केलेली परात. तिच्या सपाट बुडात बाहेरचा रस्ता उतरला होता. एक काळा-पिवळा ठिपका स्थिर उभा. त्याच्या पलीकडून पांढरं काहीतरी झपकन गेलं आणि एक बारीक आकृती खाली कोसळली. मग ठिपक्यातून माणूस उतरला आणि तिच्या दिशेने पळाला.

बाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. रोज पुसते ती परात, आणि एवढं सगळं तिच्यात होतं.

पुढे तज्ज्ञांनी ते चित्र तपासलं आणि रिक्षावाला निर्दोष सुटला. मला मात्र साक्षीच्या दिवशीचा कोर्टाचा व्हरांडा आठवतो. तो भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून उठला.

"काकू, सारे एकच सांगत होते. मले बी वाटून राहिलं होतं, का धडक माह्याच रिक्षाची बसली असन." जरा थांबून म्हणाला, "अन् मी त तिच्याकडं धावलो होतो."