नान्हे बाईंचा सतरावा प्रश्न

नान्हे बाईंनी फोनवर कधीच कुणाला विचारलं नाही, की तुमचा पेशंट जिवंत आहे का. त्या विचारत, "भाऊ जेवते काय आता?" पलीकडून "जेवते थोडं थोडं" असं आलं की फॉर्मवर 'हयात' लिहीत. पलीकडे नुसतीच शांतता झाली, तर पेन खाली ठेवून म्हणत, "सांगा बाई, मी ऐकून राह्यली." मग मृत्यूची तारीख विचारायला त्यांना अर्धा तास लागे. मी नोकरीला लागले त्या दिवशी मला हे सगळं वेळखाऊ वाटलं होतं.

चंद्रपूरच्या एका दवाखान्यात कॅन्सर नोंदणीचं आमचं छोटं कार्यालय होतं. चंद्रपूर आणि गडचिरोलीत कुणाला कॅन्सर झाला, कोणत्या अवयवाचा, केव्हा कळला, पुढे माणसाचं काय झालं, हे शोधून लिहायचं आणि प्रत्येक रोगाला ठरलेला कोड द्यायचा, हे आमचं काम. खोली पूर्वी चादरी ठेवायची होती. एकुलत्या खिडकीला फाइलींचं कपाट लावलेलं, त्यामुळे बाहेर ऊन आहे की पाऊस, ते दुपारी डबा धुवायला गेल्यावर कळायचं. मी पदवी घेऊन भद्रावतीहून रोज एसटीने येणारी. बाई बारावी पास, सिंदेवाहीकडच्या एका तलावाकाठच्या गावच्या. वडील मासेमारी करायचे. केसपेपरच्या खिडकीवरून उचलून त्यांना इथे बसवलं होतं, दरवर्षी नव्याने होणाऱ्या करारावर.

कोडचं जाड पुस्तक इंग्रजीत होतं. बाईंनी त्याची झेरॉक्स करून प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलने मराठी अर्थ लिहिले होते. "डॉक्टर लोक घाईत लिहितेत," त्या म्हणत. "आपल्याले घाई करून जमत नाई. आपण चुकलो तर तो माणूस कागदावर दुसऱ्याच रोगानं मरते." ऑनलाइन धडे सुरू झाले, तेव्हा त्यांचा पासवर्ड कार्यालयाच्या प्रमुख साहेबांकडे असे आणि खोलीतला एकच कॉम्प्युटर दिवसभर नोंदींना लागे. बाई जेवणाच्या सुट्टीत एकेक वाक्य थांबवून ऐकत. वीस मिनिटांचा धडा त्यांना आठवडाभर पुरायचा.

मुंबईला दरवर्षी मोठं प्रशिक्षण असे. बाईंनी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही गेलात तर इथलं कोण बघणार?" ते खोटंही नव्हतं. बाई खोलीत परत येऊन फाइल उघडत. तिसऱ्या वेळी एवढंच म्हणाल्या, "मी चांगलं करून राह्यली, तेच आडवं येते पोरी. मले येत नसतं, तर शिकाले तरी धाडलं असतं."

चौथ्या वर्षी साहेबांनी मला पाठवलं. माझ्यावाचून काही अडत नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी एक दोनशे पानी वही माझ्या हातात दिली. त्यात वर्षानुवर्षं साठलेले प्रश्न होते, आकडे घालून, प्रत्येकाखाली उत्तरासाठी चार ओळी सोडलेल्या. "तिथच्या मॅडमले इचार. लाजू नको. माझं नाव नाई सांगितलं तरी चालते."

मी नाव सांगितलं. शिकवणाऱ्या मॅडमनी अख्खी वही वाचली आणि म्हणाल्या, "या बाईंनाच का नाही पाठवलं?" बहुतेक ठिकाणी बाई बरोबर होत्या. चूक सतराव्या प्रश्नात निघाली. आमच्याकडे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा घोटा, खाणारे फार. एका गालाचं ऑपरेशन होऊन माणूस घरी जातो आणि काही वर्षांनी दुसऱ्या गालाला तेच होतं. बाई ते दोन कॅन्सर धरत. नियम असा, की एकाच तोंडात त्याच जातीचा रोग पुन्हा आला, तर नोंद एकच. म्हणजे कितीतरी माणसं आमच्याकडे दोनदा मोजली गेली होती.

परत आले तर कानावर आलं, की नव्या नियमाने या पदाला पदवी लागणार आणि जुन्यांचे करार तपासले जाणार. अशा वेळी बाईंची चूक कागदावर आणायची कशी? मी बाकीची उत्तरं वहीत लिहिली, सतराव्याखालच्या चार ओळी कोऱ्या ठेवल्या आणि वेळ मिळाला नाही असं सांगितलं. पंधरा दिवस आम्ही त्याच खोलीत, गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसत होतो. दोन गालांची फाइल निघाली की बाई तिच्या दोन नोंदी करत आणि मला विचारत, "बरोबर हाये ना?" तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी सांगून टाकलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काऊन लपवलं?"

"तुमचा करार, बाई."

"कराराचं मी पाहीन. पंधरा दिवस मले चुकीचं करू दिलं तू."

त्याच दुपारी त्यांनी साहेबांना पत्र लिहिलं. चूक माझी, दुरुस्तीही मीच करते, अशा दोन ओळी. पुढचे दोन महिने त्या एकेक जुनी फाइल काढून तपासत होत्या. ज्यांचे दुसरे रिपोर्ट सापडेनात, त्यांच्या घरी जावं लागलं. एकदा मीही सोबत गेले, एटापल्लीच्या अलीकडे. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांनी उडवलेल्या धुळीने रस्त्याकडेची झाडं लाल झाली होती. ज्याच्याकडे गेलो तो गोंड शेतकरी अंगणात मोहफुलं वाळवत होता. दोन्ही गाल आत गेलेले, बोलणं अस्पष्ट. त्याने पत्र्याच्या पेटीतून रिपोर्ट काढून दिला. बाईंनी वाचला, उतरवून घेतला आणि काय दुरुस्त करतोय ते त्याला समजावलं.

त्याने सावकाश विचारलं, "मंग मले एकदा झाला का दोनदा?"

बाई त्याच्याशेजारी बसल्या. "तुले दोनदाच झाला भाऊ. तू दोनदा सोसलं. आमच्या कागदावर फक्त एक लिहावं लागते."

तो म्हणाला, "कागद तुमचा हाये." त्याच्या बायकोने आम्हाला मूठभर चारोळी दिली.

वर्ष संपलं तेव्हा बाईंचा करार पुढे गेला नाही. आदेशात कारण पदवीचं होतं. त्यांच्या पत्राचाही त्यात हात होता का, ते मला आजवर कळलं नाही. त्यांच्या खुर्चीवर मी आले. कामाला लागलेल्या नव्या मुलींना बाईंनी शिकवावं म्हणून मी साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, नोंदी गोपनीय आहेत, बाहेरच्या व्यक्तीला आत घेता येत नाही. बाहेरची व्यक्ती. मी त्या खोलीत येऊन बसले आणि दिवसभर माझ्याकडून एकही फॉर्म पूर्ण झाला नाही.

गेल्या हिवाळ्यात सिंदेवाहीच्या बसस्टँडवर बाई भेटल्या. केस बरेच पांढरे झालेले, पिशवीत मुक्त विद्यापीठाची पुस्तकं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं. उत्साहाने दाखवत होत्या. मला वयाची अट ठाऊक होती. पदवी हातात येईपर्यंत त्या पदासाठी बाईंचं वय निघून गेलेलं असणार होतं. एकदा लपवून झालं होतं, म्हणून या वेळी सांगितलं.

"माहीत हाये मले," बाई म्हणाल्या. "पण ह्या परीक्षेले बसाले कोनाची परवानगी लागत नाई."

मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि बस येईपर्यंत इंग्रजीचा एक अडलेला धडा माझ्याकडून समजावून घेतला.